लाटसाहेबांच्या मांडीचं हाड

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, एकतीस वर्षं हाडं उकळत होत्या. लोकांच्या नणंदा शाळेत शिकवतात, बँकेत बसतात, नाहीतर चार दिवस माहेरी येऊन भावजयीच्या खोड्या काढतात. माझी नणंद हाडं उकळायची. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं, की मुलाची बहीण जनावरांच्या डॉक्टरी कॉलेजात असते. मला वाटलं, शिकवत असेल. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्या कामावरून आल्या आणि घरभर एक वास पसरला. मी विचारलं, "वन्सं, हा वास कसला हो?" "घोड्याची मांडी होती आज," म्हणाल्या, हात धुतले आणि जेवायला बसल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. भूक कोणाला चुकली आहे?

त्यांनी स्वतः लग्न केलं नाही, आमच्यातच राहिल्या. उंच, किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, आणि नजर अशी, की समोरच्याच्या कातडीखालचा सांगाडा मोजतायत असं वाटावं. कॉलेजातली मुलं त्यांना हाडमावशी म्हणायची. मेलेलं जनावर आलं, विभागाच्या साहेबांनी मांस उतरवलं, की पुढचं सगळं ह्यांचं. मंद आचेवर उकळायचं. आच वाढली की हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडायचं. आमच्या घरात कोणाचा ब्रश जागेवर नसला की समजायचं, गेला हाडांकडे. मग पांढरं करायच्या औषधात बुडवायचं, सावलीत वाळवायचं, आणि शेवटी प्रत्येक हाडावर बारीक नंबर घालायचा. नंबर पेन्सिलने. ह्यावर त्यांचं मोठं भाषण असे. शाईचा भरवसा नाही, पेन्सिल मरेपर्यंत जात नाही वगैरे. हे भाषण लक्षात ठेवा.

कॉलेजच्या जुन्या साहेबांना मांजरांचं वेड होतं. माणसाच्या हाडांवरून बाई की पुरुष ते सांगतात, मग मांजराच्या हाडांवरून बोका की भाटी, आणि कुठल्या जातीची, हे का नाही सांगता येणार, असं त्यांचं म्हणणं. गाडीखाली गेलेली, म्हातारी होऊन मेलेली, मालकांनी आणून दिलेली अशी चौसष्ट मांजरं सोळा वर्षांत जमली. बहुतेक आपली गल्लीतली, काही चपट्या नाकाची, लांब केसांची. वीस मांजरांचे सांगाडे तारेने बांधून काचेच्या कपाटात उभे केले. उरलेली चव्वेचाळीस खणांमध्ये, एकेक मांजर एकेका जाळीच्या पिशवीत. त्या पिशव्या मी शिवल्या. माझं शिवणकाम आहे घरी, पडदे, गणवेश, फ्रॉक. मच्छरदाणीच्या कापडाच्या चव्वेचाळीस पिशव्या शिवल्या आणि बदल्यात काय मिळालं? "टाके जरा बारीक हवे होते."

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नव्या प्रमुखबाई आल्या. हुशार, भरभर चालणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. हाडांच्या खोलीत त्या दारातूनच डोकवायच्या. बाहेरून तपासणीला लोक येणार होते, म्हणून त्यांनी दारातून हुकूम सोडला, "हाडं पिवळी दिसतात. पांढरी करून ठेवा."

वन्संनी चव्वेचाळीस पिशव्या काढल्या. पिशव्यांना टाचणीने ओळखीची चिठ्ठी लावलेली. लोखंडी टाचणी औषधात गेली की गंजते आणि हाडाला डाग पडतो, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या काढून एका डब्यात ठेवल्या. काळजी नव्हती, नंबर हाडावरच होते की. पिशव्या औषधात गेल्या. तिसऱ्या दिवशी बाहेर काढल्या तेव्हा हाडं दातांसारखी पांढरीशुभ्र. आणि एकाही हाडावर नंबर नाही.

झालं होतं असं, की पूर्वी एकदा साहेबांना फोटो काढायचे होते, पेन्सिल फोटोत दिसेना, म्हणून त्यांनी ह्या चव्वेचाळिसांवरचे नंबर खोडून शाईने घालायला लावले होते. वन्संनी घातले, मनात नसताना. आणि विसरल्या. जगाला पेन्सिलचं भाषण देणारी बाई, आणि घात झाला तो शाईनेच.

त्या दिवशी घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. "आज मी चव्वेचाळीस मांजरांची ओळख पुसली," म्हणाल्या. मी कपड्याला टाचण्या लावत होते, टाचणी बोटात गेली. "म्हणजे?" मी विचारलं. "अगं, पिशव्या आहेत, डब्यात चिठ्ठ्या पण आहेत. कोणाची कुठली, तेवढंच राहिलं नाही."

प्रमुखबाईंनी दुसऱ्या दिवशी निकाल देऊन टाकला. ज्या हाडांचं काहीच माहीत नाही ती ठेवून काय करायची? तपासणीत उलट लाज जाईल. मागच्या आवारात खड्डा करा, पुरून टाका. तपासणीला वीस दिवस होते, वन्संच्या निवृत्तीला सव्वीस.

"मला पंधरा दिवस द्या," वन्सं म्हणाल्या. "चूक माझी आहे, निस्तरते मी."

"कशावरून ओळखणार?"

"हाडावरून. ह्याचसाठी तर जमवली होती ना?"

प्रमुखबाई हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण नर की मादी, जात कोणती, हे खात्रीने लिहून तुम्ही सही करायची. अंदाजपंचे नको. नाहीतर खड्डा."

वन्संनी हे घरी येऊन सांगितलं आणि वर मला म्हणाल्या, "तू उद्यापासून माझ्याबरोबर यायचंस."

"मी? मला हाडातलं काय कळतंय?"

"मापातलं कळतं. तेवढं पुरे."

मदतनीस मागितला तर मिळणार नव्हता, आणि फुकटची भावजय होती घरात. माझे दोन गणवेश आणि एक पडदा अर्धवट पडले होते. गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या त्या मी. पण त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही. एकतीस वर्षांची नोकरी अशी खड्ड्यात जाऊन संपावी, हे माझ्याच घशाखाली उतरेना.

खोली लांबट, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला काचेची कपाटं. मधे लांब टेबल. वन्संनी मला ते मापाचं यंत्र हातात दिलं. त्याला काहीतरी भारी नाव आहे, त्या त्याला चिमटा म्हणायच्या. दोन जबडे, मधे हाड धरायचं, पट्टीवर आकडा वाचायचा, तोही मिलिमीटरच्या पोटातला. "प्रत्येक हाड तीनदा मोजायचं. तीन आकडे वेगळे आले तर मधला लिहायचा. घाई नाही, कंटाळा नाही, आणि आपल्याला हवा तो आकडा यावा म्हणून दाबायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी म्हटलं, "वन्सं, माझी गिऱ्हाइकं माप घेताना पोट आत ओढतात. हाड निदान तेवढं तरी करत नाही."

त्यांची रीत साधी होती. ओळखीच्यांवरून अनोळखी ओळखायचे. कपाटातले वीस सांगाडे ओळखीचे, त्यांच्या पाट्या शाबूत. त्यातले बारा त्यांनी स्वतः मोजले. कवटी किती लांब, किती रुंद, खालचा जबडा केवढा, मांडीचं हाड केवढं. जात कळणं सोपं निघालं. चपट्या नाकाच्या मांजरीची कवटी वाटीसारखी गोल, लांबी आणि रुंदी जवळजवळ सारखी, ती माझ्यासारखीलाही कळावी. बोका की भाटी हे अवघड. पण तिथेही रेघ सापडली. बोक्याचा जबडा बासष्ट मिलिमीटरच्या वर, भाटीचा साठच्या आत. मांडीचं हाड बोक्याचं एकशे आठच्या पुढे, भाटीचं एकशे पाचच्या अलीकडे. दोन्ही मापांनी एकच उत्तर दिलं तर खात्री.

"आता परीक्षा," वन्सं म्हणाल्या. "उरलेल्या आठांची मापं तू घ्यायची. मी भिंतीकडे तोंड करून बसते. कुठला सांगाडा ते सांगायचं नाही. मी नुसत्या आकड्यांवरून ओळखणार. आठच्या आठ बरोबर आले तर ही रीत चव्वेचाळिसांना लावायची."

त्या खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. मी एकेक सांगाडा घेऊ लागले. "जबडा चौसष्ट. मांडी एकशे बारा." "बोका." बरोबर. "जबडा सत्तावन्न. मांडी एकशे एक." "भाटी." बरोबर. अशी सात मांजरं झाली, सातही बरोबर, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटायला लागला, की मी कपाटातल्या शेवटच्या सांगाड्याकडे न बघताच चिमटा लावला.

"जबडा एकोणसाठ."

"भाटी. मांडी बोल."

"एकशे एकोणीस."

खुर्ची करकरली. "किती? परत मोज."

मी परत मोजलं. तीनदा मोजलं. एकशे एकोणीस. तेव्हा मी पाटी वाचली. क्रमांक एकोणीस. बोका. गल्लीतला. तो आमचाच होता. तो लाटसाहेब होता.

आता हे सांगायलाच हवं. चौदा वर्षांपूर्वी वन्संनी एक भिजलेलं पिल्लू घरी आणलं. गुर्मी अशी, की चटईवर बसायचं नाही, उशीच हवी. म्हणून लाटसाहेब. पाच महिन्यांचा झाला आणि साहेबांनी रंग दाखवले. दिसेल तिथे शेपटी थरथरवायची आणि पिचकारी. ह्यांचे शर्ट, माझे गिऱ्हाइकांचे पडदे, उशा. वास तर असा, की घोड्याची मांडी परवडली. मी म्हटलं, वन्सं, ह्याचं ऑपरेशन करून टाकू. त्या भडकल्या. "मुळीच नाही. ज्याचं त्याला राहू दे. प्रेमाने समजावलं की जनावरालाही कळतं." आणि रोज संध्याकाळी त्याला पुढ्यात घेऊन समजावायच्या. लाटसाहेब ऐकून घ्यायचे आणि उठून पडद्याकडे जायचे.

मग वन्सं दहा दिवस त्यांच्या मावशीकडे गेल्या. मी ह्यांना म्हटलं, आणा ती टोपली. दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत आणलं. त्या येईपर्यंत जखम भरली होती. आणि बघा गंमत, मेलेल्या मांजराचं हाड न् हाड ओळखणारी बाई, पण जिवंत मांजराची शेपटी उचलून बघेल तर शपथ! लाटसाहेबांच्या पिचकाऱ्या थांबल्या. वन्संनी तिसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं, "बघितलंस? समजावलं की कळतं." शेजारी सांगितलं, कॉलेजात सांगितलं. माझी मुलगी अभ्यास करेना तेव्हा मला सांगितलं, "मारू नकोस, समजाव. लाटसाहेब बघ." हे मी चौदा वर्षं ऐकलं. आमचे हे पेपरामागे तोंड लपवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला त्याची शिक्षा एकच झाली. टोपलीत मी कोंबलं, म्हणून तो माझ्यावर रुसला. सात-आठ महिने माझ्या हातचं खाल्लं नाही, मी खोलीत आले की उठून जायचा. मग एके दुपारी मी मशीनवर बसले असताना आपणहून मांडीवर येऊन झोपला, आणि पुढे मरेपर्यंत तीच त्याची जागा. मी म्हटलं, विसरला असेल. मांजराची आठवण ती केवढी! तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा वन्संनीच त्याला संग्रहात द्यायचं ठरवलं. मांस उतरवायचं काम जुन्या साहेबांनी शेवटचं म्हणून केलं, वन्संनी तोंड फिरवलं होतं. उकळण्यापासून पुढचं मात्र दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

वन्सं आता सांगाड्यासमोर उभ्या होत्या. स्वतः चिमटा घेतला. जबडा एकोणसाठ, मांडी एकशे एकोणीस. पाय सगळ्या बोक्यांहून लांब आणि जबडा भाटीसारखा नाजूक. "लाटसाहेबा, तू पण?" एवढंच म्हणाल्या.

मी हळूच म्हटलं, "एकच तर चुकला. आठात सात म्हणजे काय कमी आहे?"

"आठात एक चुकला म्हणजे चव्वेचाळिसात पाच-सहा चुकणार. आणि कुठले ते मला कळणार पण नाही. अशा कागदावर मी सही करू?"

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या एका बोक्याचा पिच्छा पुरवला. पुढचे पाय मोजले, नडगी मोजली, कंबर मोजली. पायांची सगळी हाडं लांबच लांब. आधी चिमट्यावर संशय घेतला, तो दुसऱ्या विभागातून दुसरा आणून तपासला. मग पाटीवर संशय घेतला. मग स्वतःवर. मी शेजारी बसून मान वर न करता आकडे लिहीत होते. पाय लांब कशामुळे ते मला नक्की माहीत नव्हतं, मी काही डॉक्टर नाही. पण त्या विसांमध्ये एकच बोका वेगळा निघाला होता, आणि त्याच्यात काय वेगळं होतं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, आणि एक पेपरामागचे.

सांगायचं कसं? भांडणाची भीती मला नाही, आमची भांडणं आठवड्याला दोन ठरलेली. पण ह्या बाईला आयुष्यात फुशारकी मारायला काय होतं? ना बढती, ना बक्षीस. कॉलेजच्या भिंतीवर सगळ्या साहेबलोकांचे फोटो आहेत, त्यांत ह्यांचा एक नाही. एक लाटसाहेबांना समजावलं होतं, तेवढंच. तेही मी काढून घ्यायचं?

तिसऱ्या दुपारी मी डबा धुऊन आले, तर वन्सं खणातल्या पिशव्या काढून एका खोक्यात रचत होत्या. एकेक पिशवी दोन्ही हातांनी. "ह्यांना नेऊन ठेवू मागे," म्हणाल्या. "माळी खड्डा उद्या करेल. दुसऱ्याने फेकण्यापेक्षा मीच ठेवते." आवाज अगदी सरळ होता. मला तो ऐकवेना.

"वन्सं, एक सांगते. मारायचं नाही."

"काय केलंस?"

"लाटसाहेबाचं ऑपरेशन झालं होतं."

"कसलं? पोटाचं?"

"पोटाच्या खालचं."

त्यांच्या हातात पिशवी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. "कधी?"

"तुम्ही मावशीकडे गेलात तेव्हा. मीच नेलं. ह्यांनी टोपली धरली."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच मला ती सांगाडा मोजणारी नजर दिसली नाही. "म्हणजे मी समजावलं म्हणून नाही?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं. नाहीतर नंतर सांगायला तरी हवं होतं."

"चौदा वर्षं तू माझं ऐकून घेत होतीस?"

"घेत होते."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता फुटणार. पण त्या कपाटाकडे वळल्या, काच उघडली, लाटसाहेबांच्या मांडीच्या हाडाच्या टोकावरून नख फिरवलं. मग परत फिरवलं. "तेव्हा वय किती होतं त्याचं?"

"सहा महिने."

"इकडे ये. इथे बोट लाव. रेघ लागते?"

लागली. हाडाच्या टोकाशी, टोपण बसवावं तशी एक पुसट रेघ.

"लहान जनावर उकळलं की हाडांची टोकं सुटून येतात. मोठं झालं की चिकटतात, मग रेघ राहत नाही आणि हाड वाढायचं पण थांबतं. हा अकरा वर्षांचा होऊन गेला, तरी रेघ आहे. मला उकळतानाच दिसली होती. म्हटलं, असेल काहीतरी, ह्याचं सगळंच निराळं." त्यांचा आवाज चढत चालला होता, रागाने नव्हे. "अगं, हा बोका झालाच नाही पुरता! म्हणून जबडा भरला नाही. आणि टोकं वेळेवर चिकटली नाहीत म्हणून पाय वाढतच राहिले. रीत चुकली नव्हती. मला एक गोष्ट माहीत नव्हती, एवढंच!"

मी डोळे पुसत म्हटलं, "मग खड्डा?"

"कसला खड्डा? पिशव्या परत आण. दहा दिवस आहेत. रडणं बंद, चिमटा घे."

त्या दहा दिवसांत त्यांनी मला जे पिदडलं ते मी कधी विसरणार नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे अर्धा तास जेवण. जबडा, कवटी, मांडी, रेघ, तीन-तीनदा. माझी मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोटांना चिमट्याचे वळ पडले. एका दुपारी मी म्हटलं, "दोनदा मोजलं तर नाही का चालणार?" उत्तर आलं, "तू बाही एकदाच मोजून कापतेस का?" मी तिसऱ्यांदा मोजलं. घरी एका गिऱ्हाइकाने गणवेश अर्धवटच परत नेला.

चव्वेचाळिसांत सतरा सरळ सरळ बोके निघाले. एकवीस भाट्या. आणि सहा अशी, की पाय लांब, जबडा नाजूक, टोकाशी पुसट रेघ. सगळं झाल्यावर, त्याच्या आधी नाही, वन्संनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. "आधी बघितली असती तर मन तिकडे ओढलं असतं," म्हणाल्या. वहीप्रमाणे ह्या चव्वेचाळिसांत बोके होते तेवीस. सतरा आणि सहा. आणि बोक्यांपैकी मालकांनी घरून आणून दिलेले आठ, त्यातले सहा हेच असणार. मी टाळ्या वाजवल्या. वन्संनी फक्त चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

मग वय, दात, जात, जुनी मोडून सांधलेली हाडं, असं जुळवत जुळवत डब्यातल्या चिठ्ठ्या एकेका पिशवीकडे परत गेल्या. पस्तीस मांजरांना त्यांचा स्वतःचा नंबर मिळाला. नऊ राहिली. बोका की भाटी ते नक्की, जात नक्की, पण कुठल्या नंबराची ते कळायला मार्ग नव्हता.

प्रमुखबाई पहिल्यांदा खोलीच्या आत आल्या. कागद चाळता चाळता त्या सहांवर थांबल्या. "ह्यांना नर म्हणताय? जबडा तर मादीचा आहे."

"खच्ची केलेले आहेत. लहानपणी."

प्रमुखबाईंनी एक हाड उचललं, खिडकीशी नेलं, टोकावरून बोट फिरवलं. "हो," त्या हळू म्हणाल्या. "लवकर खच्ची केलं की टोकं उशिरा बंद होतात. आम्हाला होतं हे अभ्यासाला." वन्संनी पुढचा कागद सरकवला. मला मात्र जीभ चावावी लागली. बाई, तुम्ही एकदा उंबरा ओलांडून आत आला असतात तर माझी मूठ झाकलेलीच राहिली असती!

"आणि ह्या नऊंना नंबर नाहीत," प्रमुखबाई म्हणाल्या. "उरलेल्या चिठ्ठ्यांतला कुठलाही देऊन टाका की. कोण बघणार आहे?"

"मी बघते आहे ना," वन्सं म्हणाल्या. "त्यांच्यावर 'नंबर माहीत नाही' असं लिहिणार. माहीत नाही ते माहीत नाही."

प्रमुखबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पिशव्यांकडे. "बरं, लिहा तसंच," म्हणाल्या, आणि पिशव्या परत खणांत ठेवायला सांगितल्या. वन्संनी सही केली. ती मात्र शाईने.

लाटसाहेबांचा विषय ह्या सगळ्यात एकदाही निघाला नाही. भावाला फक्त एवढं ऐकवलं, "टोपली काय धरतोस! लहानपणी झुरळ धरायलासुद्धा घाबरायचास." माझ्याशी त्या नेहमीसारख्याच होत्या, आणि मला तेच टोचत होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला कॉलेजात बोलावून घेतलं. हार-भाषणं आटोपली होती, खोलीत त्या एकट्याच होत्या, हातात पेन्सिलचा तुकडा. "ये. हे बरोबर आहे का बघ."

काचेच्या कपाटात लाटसाहेबांपुढे नवीन पाटी होती. सगळी पेन्सिलने. क्रमांक एकोणीस. बोका. गल्लीतला. वय अकरा वर्षे. सहाव्या महिन्यात खच्ची. जबडा ५९, मांडी ११९. माहिती देणार: भावजय. आणि त्याखाली, तितक्याच बारीक अक्षरात: स्वभाव शांत, समजावल्यामुळे.

"अहो वन्सं!" मी म्हटलं. "सगळं कळूनसुद्धा? पिचकाऱ्या ऑपरेशनने थांबल्या हो!"

"पिचकाऱ्या थांबल्या असतील." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "तो तुझ्यावर का रुसलाय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आठ महिने रोज संध्याकाळी त्याला पुढ्यात घेऊन सांगत होते, ती वाईट नाही रे, जा तिच्याकडे. आणि गेला की नाही? ते काय तुझ्या डॉक्टरने केलं?"

त्या काच पुसत राहिल्या, मी नाक पुसत राहिले. मग त्यांनी दिवा बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली, ऑफिसात नेऊन द्यायला. स्वतः गेल्या नाहीत.